पाळण्याची ओळखखूण

तक्रार घेताना आम्ही बिल विचारतो, तारीख विचारतो, वस्तूची ओळखखूण विचारतो. मग दोष काय, आणि तुम्हाला नेमकं हवंय काय. जगातली कुठलीही तक्रार एवढ्यात बसते, असं आमच्या मोठ्या बाई कामाच्या पहिल्याच दिवशी शिकवतात. "न बसली तर दाबून बसवा," असंही म्हणतात, पण ते हसत.

मी ग्राहक सल्ला केंद्रात फोन घेते. भोंगी झाल्यापासून घरूनच घेते. सकाळी नऊ ते एक, फ्रिज आणि खिडकी यांच्या मध्ये मावेल एवढ्या टेबलावर, कानाला हेडफोन लावून. तेवढा वेळ भोंगीला सासूबाई सांभाळतात. तिचं हे नाव तिच्या बापाने ठेवलं, कारण ती रडली की खालच्या मजल्यावरचे लोक घड्याळ लावून घेत. सायकलच्या चाकात कुणी पंपाने हवा भरावी तसं तिचं रडणं होतं. हॅ-हॅ-हॅ-हॅ, एका लयीत, मध्ये श्वाससुद्धा न घेता.

एका बाईचा फोन आला तेव्हा भोंगी अडीच महिन्यांची होती. बाई शांत होती. आमच्याकडे येणारे फोन सहसा शांत नसतात, म्हणून लक्षात राहिला.

"पाळणा घेतला होता," ती म्हणाली. "विजेवर आपोआप हलतो तो. नंतर कंपनीला परत केला."

"दोष काय होता ताई?"

"दोष नव्हता. बाळ दहा मिनिटांत झोपेल म्हणून लिहिलं होतं. झोपायचं."

"कंपनीने पैसे दिले नाहीत का?"

"दिले. सगळे दिले."

"मग तक्रार काय आहे?"

"मला तो पाळणा परत हवाय."

मी आवाज बंद करायचं बटण दाबून सासूबाईंकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आमचा नियम साधा आहे. पैसे परत मिळाले की व्यवहार मिटला. मिटलेल्या व्यवहारातली वस्तू ग्राहकाची नसते. मी तिला ते समजावून सांगितलं, तरी रकाना भरायचा म्हणून ओळखखूण विचारलीच.

"पुढच्या डाव्या पायाला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. जोडताना पाय अदलाबदल होऊ नयेत म्हणून मीच लावला होता." मग म्हणाली, "आणि ती आधी तीनदा तुटक रडते. मग एकदा लांब. शेवटी एक उचकी. लिहिलंत?"

"ताई, ओळखखूण वस्तूची हवी. बाळाची नको."

"मी तेच सांगतेय."

मी नेलपॉलिश लिहिलं. पुढचं लिहिलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता. 'निकाली – रक्कम प्राप्त' असा शेरा मारला आणि फोन ठेवला. चार मिनिटं दहा सेकंद. मोठ्या बाईंनी त्या आठवड्यात माझं कौतुक केलं.

यानंतर महिन्याभराने नवरा घरी एक खोकं घेऊन आला. चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा भाव.

"निम्म्या किमतीत!" तो म्हणाला. "कंपनीचाच आहे, कुणीतरी परत केलेला. तपासून, पुसून पुन्हा विकतात. बिल आहे, हमी आहे, सगळं आहे. आता बोल."

मी काय बोलणार? लोक कादंबऱ्या वाचतात तशी मी सूचनापत्रकं वाचते. भोंगीच्या अंघोळीच्या पाण्यात दोनदा कोपर बुडवते, तिच्या प्रत्येक कपड्याचं टोचणारं लेबल उसवते, औषधाच्या बाटलीवरची तारीख दुकानात एकदा आणि घरी एकदा बघते. सासूबाई म्हणतात, "हिच्या हातून मूल वाढायचं म्हणजे परीक्षेचा पेपर झाला, रोज तपासायचा." मी पाळण्याचं बत्तीस पानांचं पत्रक वाचलं. पट्टे ओढून पाहिले, जाळीत बोटं घालून पाहिली. खाली एक चपटी पेटी होती, त्यात मोटर. पेटीच्या झाकणावर चंदेरी सील आणि त्यावर बारीक अक्षरांत 'सील तुटल्यास हमी रद्द'. पाय मात्र नवऱ्याने जोडले आणि पाळणा भिंतीला लावून ठेवला. ते पाय मी पाहिले नाहीत.

दहा मिनिटांत झोप, असं खोक्यावर लिहिलं होतं. मी घड्याळ लावलं. नऊ मिनिटं पन्नास सेकंदांनी भोंगीने डोळे मिटले.

"देव भलं करो त्या कंपनीचं," सासूबाई म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात घरात इतकी शांतता होती की फ्रिज सुरू झालेला कळायचा. आम्ही तिघंही नीट जेवलो. गरम गरम जेवलो, हे लिहायला हवं. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांना कळेल.

पहिल्यांदा खटकलं ते एका दुपारी. काम संपवून मी हेडफोन काढला आणि सहज आत डोकावले. भोंगी पलंगावर होती, दोन्ही बाजूंना उशा, आणि तिच्या तोंडावर पांघरूण आलेलं. खाली पाय जिवाच्या आकांताने चालले होते. मी पांघरूण ओढलं. चेहरा लालबुंद, तोंड उघडं, गालांवरून पाणी वाहतंय. आवाज नाही. सासूबाई हातभर अंतरावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या, पाठमोऱ्या.

"अगं बाई! मला ऐकूच आलं नाही," त्या म्हणाल्या. ऐकू येणारच नव्हतं. ऐकू यावं असं काही झालंच नव्हतं.

डॉक्टरांनी घशात उजेड पाडून पाहिलं. सगळं व्यवस्थित. त्याच दिवशी इंजेक्शन द्यायचं होतं, ते दिलं. सुई टोचली तशी भोंगीने तोंड वासलं, डोळ्यांत पाणी आलं, अंग ताठ झालं. खोलीत आवाज फक्त भिंतीवरच्या पंख्याचा. "किती गुणी बाळ!" परिचारिका म्हणाली. बाहेर बाकावर बसलेल्या एका आईने माझ्याकडे हेव्याने पाहिलं. तिच्या मांडीवरचं पोर छत फाडत होतं.

"अगं, गुण आलाय पोरीला," नवरा म्हणाला.

"तिला भूक लागली तर ती सांगणार कशी? काही चावलं तर? कशात अडकली तर?"

"आपण आहोत ना बघायला."

"रोज? चोवीस तास?"

"तू तर तशीही बघतेसच," तो म्हणाला. टोमणा होता, पण खराही होता. त्या दिवसापासून मी पाठ फिरवणं सोडून दिलं. न्हाणीघराचं दारसुद्धा उघडं ठेवू लागले.

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, मी एका माणसाचा फोन घेत होते. मिक्सर जळला होता आणि दुकानदार दाद देत नव्हता. मी त्याला लेखी तक्रारीचा नमुना सांगत होते. मध्येच तो म्हणाला, "ताई, तुमचं बाळ रडतंय. आधी त्याला घ्या. मिक्सर काय, जळलेलाच आहे."

मी मान वळवली. भोंगी माझ्यासमोरच होती, सासूबाईंच्या मांडीवर, टक्क जागी, तोंड मिटलेलं.

"नाही हो," मी म्हणाले. "बाळ शांत आहे."

"अहो, मला ऐकू येतंय ना! चार पोरांचा बाप आहे मी."

मी हेडफोन काढला. तेव्हा मलाही ऐकू आलं. फार बारीक, पाण्याच्या पाइपातून यावं तसं. हॅ-हॅ-हॅ-हॅ. एका लयीत, मध्ये श्वास न घेता. माझ्या कुडत्यावर पुढे दोन ओले डाग उमटले. अंगाला कळतं, डोक्याच्या आधी.

आवाज आतल्या खोलीतून येत होता. पाळणा रिकामा होता. मी विजेची पिन काढली. आवाज थांबला नाही.

मी आमच्याच केंद्राला फोन लावला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची ती मैत्रीण फोनवर आली. आम्ही तिला गुळमट म्हणतो, तिचा आवाज तसा आहे म्हणून. तिने मला ओळखलं नाही. फोनवर आपण सगळे ताईच असतो.

"दोष काय आहे ताई?" तिने विचारलं.

"त्यातून रडण्याचा आवाज येतो."

"म्हणजे मोटरचा आवाज?"

"मोटर बंद आहे."

"मी 'अनावश्यक आवाज' असं लिहिते. बाळ झोपतं का त्यात?"

"झोपतं."

"मग जाहिरातीतला दावा खोटा नाही. तरी तीस दिवसांच्या आत आहात, कारण न देताही परत करता येईल. मूळ स्थितीत, सीलसकट. अगदी सोपं आहे ताई, घाबरू नका."

खरंच सोपं होतं. कंपनीकडे अर्ज भरला, तासाभरात मान्य झाला. उद्या सकाळी दहाला टेम्पो येईल, पैसे आपोआप जमा होतील. माझी छाती हलकी झाली. वस्तू वाईट आहे, वस्तू जाईल. आजवर हजार लोकांना हेच सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळीच पाळणा पुसायला घेतला. परत करायचा तर स्वच्छ करावा. भिंतीपासून ओढला आणि फडकं घेऊन खाली बसले. भिंतीकडच्या एका पायाला, अगदी तळाशी, लाल ठिपका होता. वाळलेल्या नेलपॉलिशचा, कडेला टवका गेलेला. नवऱ्याने पाळणा उलटा लावला होता, एवढंच. पुढचा डावा पाय भिंतीकडे गेला होता.

मी तशीच फरशीवर बसून राहिले. 'मला तो पाळणा परत हवाय.' चार मिनिटं दहा सेकंद. तिने पाळणा परत केला, आणि त्याच्यासोबत काय गेलं ते तिला नंतर कळलं. मी मात्र तिला सांगितलं होतं की व्यवहार मिटला.

मी पेटीला कान लावला. आत माझ्या भोंगीचं हॅ-हॅ-हॅ होतं. आणि त्याच्या खाली, त्याहून दमलेलं, आणखी एक होतं.

घड्याळात साडेनऊ झाले होते. हे टेम्पोत गेलं की गेलं. मी स्वयंपाकघरातून स्क्रू पिळायचा पेचकस आणला. सासूबाई दारात आल्या, भोंगी त्यांच्या खांद्यावर.

"अगं, काय करतेस? सील फोडलंस तर छदाम देणार नाहीत ते!"

"नकोत मला."

"नीट परत जातोय तर जाऊ दे की! हातचं सोडून—"

मी पेचकसाचं टोक सीलखाली घातलं आणि उपसलं. नोकरीतल्या सहा वर्षांत लोकांना जे जे करू नका म्हणाले, ते सगळं त्या एका हिसक्यात केलं. झाकण निघालं. आत एक छोटी मोटर होती, दोन वायरी, एक पांढरं चक्र आणि कापसाची धूळ. बाकी काही नाही. एक गार झुळूक मात्र माझ्या मनगटावरून गेली, फ्रिजचं दार उघडल्यावर येते तशी.

आणि सासूबाईंच्या खांद्यावर भोंगी रडली.

मोठ्याने. घर हादरेल असं. सासूबाईही रडायला लागल्या, मीही. "रडली गं, रडली!" म्हणत त्यांनी तिला माझ्या हातात दिलं. असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. खालून कुणीतरी छताला काठी ठोकली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. मी तिला घेऊन पलंगावर बसले, दार लोटून, आणि पाजायला घेतलं.

मी, जी पाण्यात दोनदा कोपर बुडवते, ती त्या पेटीत दुसऱ्यांदा पाहायला गेले नाही.

बाहेर घंटा वाजली. टेम्पोवाला आणि सासूबाई यांचं बोलणं आत ऐकू येत होतं.

"सील तुटलंय मावशी."

"तुटलंच होतं रे. जुना माल गळ्यात मारता आणि वर विचारता! ने उचलून."

"मला काय, मला उचलायला सांगितलंय. वजन आहे हो. आत काही राहिलंय का? हलतंय."

"काही नाही. ने बाबा, ने."

जिना उतरणारी पावलं ऐकू आली. मला उठायचं होतं, पण भोंगी अंगावर पीत होती आणि किती दिवसांनी तिने मागून घेतलं होतं. सासूबाई दार लावून आत आल्या, विजयी मुद्रेने. "सील फोडूनही नेला की नाही बघ! नियम नियम काय करता तुम्ही लोक. तोंड चालवावं लागतं."

भोंगीने तोंड बाजूला केलं. पुन्हा भूक लागली असावी, किंवा ढेकर अडकली असावी. तिने रडायला सुरुवात केली. मी ऐकत होते, हसत होते.

तीनदा तुटक. मग एकदा लांब. शेवटी एक उचकी.

मी तिला सासूबाईंच्या हातात दिलं आणि अनवाणी जिना उतरले. रस्त्यावर टेम्पो नव्हता. जिथे उभा असावा तिथे तेलाचा डाग होता, ताजा, उन्हात चमकणारा. पेटीतल्या रांगेत जी आधी उभी होती तिचा नंबर आधी लागला, एवढंच झालं होतं. आमच्या केंद्रातही असंच असतं. दुसरी, म्हणजे माझी, रांगेतच राहिली आणि रांगेसकट गेली.

कंपनीला फोन केला. गोदामात आलेला माल तपासून पुन्हा विक्रीला जातो, कुठला पाळणा कुठला ते सांगता येत नाही, असं एका मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं. तिचं काही चुकलं नाही. मी तिला खूण सांगितली, लाल ठिपक्याची. "तपासणीत डाग पुसले जातात ताई," ती म्हणाली. बोलणं चालू असतानाच फोनवर संदेश आला. रक्कम जमा झाली होती. पूर्ण.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्याचं मोठेपण. "अगं, रडणं ते रडणं," तो हलकेच म्हणाला. "आवाज बदलतात मुलांचे. तुला झोपेची गरज आहे." भोंगी तेव्हा रडत होती. तिचा बाप तिला उंच धरून नाचवत होता आणि शेवटी तिला उचकी लागत होती. मी पाहत होते. छातीत काही दाटून येत नव्हतं. कुडता कोरडा होता.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता कामाला बसले ती पहिल्यांदा त्या बाईची फाइल काढली. निकाली निघालेल्या तक्रारीतला फोन नंबर आम्हाला दिसत नाही. आकड्यांच्या जागी दहा चांदण्या दिसतात. फाइल पुन्हा उघडता येते, पण त्यासाठी यादीतलं कारण निवडावं लागतं. मी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. शेवटी 'हरवलेला माल अंशतः सापडला' हे निवडलं. असं केलं की ग्राहकाला आपोआप संदेश जातो, तुमची तक्रार पुन्हा विचारात घेतली आहे, अमुक सल्लागाराशी बोला.

मोठ्या बाईंचा लगेच फोन. "काय गं, हे काय उकरून काढलंस? त्या बाईला पैसे मिळालेत ना?"

"मिळालेत."

"मग अंशतः काय सापडलं?"

"बाई, दाबूनही बसत नाहीये," मी म्हणाले. त्यांनी फाइल बंद केली नाही.

बाराला दहा कमी असताना फोन आला. मी नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पडद्यावर त्या बाईचीच फाइल उघडली होती. भोंगी सासूबाईंकडे कुरकुरत होती. मी हात पुढे केले, तिला मांडीवर घेतलं आणि हेडफोनच्या माइकची दांडी तिच्या तोंडाशी वळवली. तिला चिमटा काढावा लागला नाही. ती स्वतःच रडली.

तीनदा तुटक. मग लांब. उचकी.

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला. दूर कुठेतरी, त्या बाईच्या घरात, एक खुळखुळा वाजत होता. कुणीतरी मुकाट्याने खेळत होतं.

"हो," ती बाई म्हणाली. तोच शांत आवाज होता, फक्त आता त्याला तडे गेले होते. "माझीच आहे. अजून ऐकू द्या. थांबवू नका तिला, जरा ऐकू द्या."

मी थांबवलं नाही. भोंगी रडत राहिली आणि ती बाई ऐकत राहिली. मी माझ्या लेकीचे गाल पुसत होते, आणि ते ओले होते, तिचेच होते. पडद्यावर वेळ सरकत होती. चार मिनिटं दहा सेकंद केव्हाच उलटून गेले.

मग त्या बाईने विचारलं, "आणि ताई, तुमची कुठे आहे?"